बेळगावहून एकट्यानं स्कूबाला जायचंय : मालवण, नेत्राणी की थेट अंदमान?

बेळगावात कुणालाही विचारा, "स्कूबाला कुठं जाऊ?" तर पहिलं उत्तर गोवा. चोर्ला घाट उतरला की समुद्र आलाच, एवढाच त्यामागचा हिशोब. मग कुणी मालवण सुचवतो, हुबळीकडचा मित्र मुर्डेश्वर म्हणतो, आणि मोबाईल उघडला की समोर निळंशार अंदमान. गोवा मी आधीच बाजूला ठेवतो. ग्रँड आयलंडला बोटी जातात, पाण्याखाली जुन्या बुडालेल्या जहाजांचे सांगाडेही आहेत, पण पाणी बहुतेक दिवस गढूळ आणि बोटीवर स्कूबापेक्षा डीजे आणि जेवणाचा थाट मोठा. चार मित्र मिळून मजा करायला ठीक. एकट्यानं जाणाऱ्याला तिथं ना नीट शिकायला मिळतं, ना शांतता.

उरलेल्यांत निवडताना आपल्याकडे लोक खर्च आणि अंतर बघतात. त्याआधी एक ठरवा : पाण्याखाली श्वास घेता येतो का हे एकदा बघायचंय, मासे बघायचेत, की पुढं आयुष्यभर चालेल असं कार्ड, म्हणजे स्कूबा शिकल्याचं प्रमाणपत्र, काढायचंय? तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

मालवण-तारकर्ली

हिंडलगा सोडून शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी करत आंबोली उतरलं की सावंतवाडी, कुडाळ, मालवण. दीडशे किलोमीटरच्या आसपास. भाषा आपली, जेवण विचारूच नका, एकट्या माणसाला घरगुती खोली सहज मिळते. बाई एकटी जात असेल तर या यादीतलं सगळ्यांत निर्धास्त ठिकाण हेच, कारण घरमालकीणबाई संध्याकाळी उशीर झाला तर स्वतः फोन करून विचारतात.

पण किनाऱ्यावर हजाराच्या आत-बाहेर जे 'स्कूबा' मिळतं ते काय असतं, नीट बघून घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोट थांबते. मास्क लावतात, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र, देतात, दोन मिनिटं बोटीची कड धरून श्वास घ्यायला लावतात. मग मागून एक जण तुमच्या टाकीचा नळ धरतो आणि तुम्हाला खाली घेऊन जातो. तुम्ही काहीच करायचं नाही. वर-खाली तो नेतो, पाव टाकून माशांना तो बोलावतो, व्हिडिओसुद्धा तोच काढतो. दहा-पंधरा मिनिटांत संपलं. गर्दीच्या दिवशी पुढचा माणूस बोटीत मास्क लावून बसलेलाच असतो. वाईट आहे असं नाही, पण यावरून आपल्याला स्कूबा जमतं की नाही हे कळत नाही.

पाणीही इथं फार स्वच्छ नसतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, शिवाय खाड्या आहेत, त्यांचा गाळ किनाऱ्यालगतच फिरतो. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आहेत, मासेही आहेत; फक्त चार-पाच मीटरपलीकडचं सगळं हिरवट धुक्यात.

मालवणच्या बाजूनं एकच मुद्दा भारी पडतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिचा स्वतःचा खोल तलाव आहे. ज्याला पाण्याची भीती आहे, पोहणं कच्चं आहे, त्यानं किनाऱ्यावरच्या बोटीत बसण्यापेक्षा सरळ तिथं चौकशी करावी.

नेत्राणी

यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोला, मग कुमटा, होन्नावर, मुर्डेश्वर. अडीचशे किलोमीटरच्या वर, म्हणजे आदल्या दिवशीच पोहोचायला हवं. गाडी नसली तर कारवारपर्यंत बस आणि पुढं कोकण रेल्वे. मुर्डेश्वरला स्टेशन आहे. कन्नड येणाऱ्या बेळगावकराला इथं परकं वाटत नाही, आणि बोटीवरच्या पोरांशी कन्नडमधून चार शब्द बोललात की समुद्राची खरी हालत कळते. हिंदीत विचारणाऱ्याला "सब ठीक है" एवढंच उत्तर मिळतं.

नेत्राणी बेट मुर्डेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे एकोणीस किलोमीटर आत आहे. सकाळी बोट निघते, मुर्डेश्वरची 123 फुटी शंकराची मूर्ती लहान लहान होत जाते आणि दीडेक तासात कडे उभे असलेलं, झाडीनं भरलेलं बेट समोर येतं. वस्ती नाही. एके काळी नौदल इथं तोफांच्या सरावासाठी मारा करायचं. कड्यांवर समुद्री गरुडांची घरटी.

इथं नदीचा गाळ पोहोचत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाण्यात लांबवर दिसतं. खडकाळ तळ, त्यावर प्रवाळ, बॅराकुडांचे थवे, मोठाले गोब्रे मासे, आणि नशीब असेल तर लहान रीफ शार्क. अंदमानसारखी रंगीत प्रवाळाची बाग नाही, पण मासे बघायचे असतील तर एवढ्या जवळ दुसरी जागा नाही. इथली पहिली बुडीही शिस्तीत होते : हवा भरायचं पूर्ण जॅकेट, पायात फिन, सोबत इन्स्ट्रक्टर, आधी उथळ पाण्यात सराव. खर्च साधारण पाच हजारांच्या घरात.

तोटे दोन. पहिला, जाता-येता बोट हलते, आणि थांबल्यावर तर जास्तच. सकाळी दोन इडल्या आणि उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी. मिसळ बिसळ संध्याकाळी. दुसरा तोटा खास एकट्या माणसाचा : आठवड्याच्या मधल्या वारी पुरेशी माणसं जमली नाहीत की फेरी रद्द होऊ शकते. बाकी सगळीकडे मधले वार चांगले, नेत्राणीला मात्र शनिवार-रविवारच धरा.

परतताना घाट चढायचा आहे

हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि बेळगावच्या माणसाला सगळ्यांत जास्त लागू पडतं.

टाकीतली हवा दाबाखाली श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात तुम्ही हवेचा दाब कमी असलेल्या जागी गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं इथपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून नियम : एकच बुडी मारली असेल तर किमान 12 तास, दोन किंवा जास्त असतील तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. हा विमानाचा नियम म्हणून सगळ्यांना पाठ असतो. पण तो 2000 फुटांच्या, म्हणजे सुमारे सहाशे मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही लागू आहे. आंबोली त्याच्या वर आहे. चोर्ल्याची वाटही वर जाते. आणि खुद्द बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास. किनाऱ्यावरच्या माणसाला घरी जाणं म्हणजे घरी जाणं. आपल्याला घरी जाणं म्हणजे दाब कमी असलेल्या जागी जाणं.

मालवणच्या उथळ दहा मिनिटांत धोका अगदी थोडा असतो हे खरं. पण "सकाळी बुडी, दुपारी सुरमई, रात्री नऊला घरी" हा बेत खोल बुड्यांना लावू नका. नेत्राणीचा हिशोब उलट सोयीचा बसतो. दुपारी बाराला दुसरी बुडी संपली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अठरा तास पूर्ण. रात्री मुर्डेश्वरला मुक्काम करा आणि चहा-नाश्ता करून निघा. मालवणला असाल तर रात्र मालवणात, कुडाळात किंवा फार तर सावंतवाडीत काढा. एका खोलीचे पैसे वाचवायला घाट चढू नका.

अंदमान

कार्ड काढायचं असेल तर माझं मत सरळ अंदमान. ओपन वॉटर, म्हणजे कार्ड देणारा पहिला कोर्स, तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यानंतर 18 मीटरपर्यंत जगात कुठंही बडीसोबत, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारासोबत, बुडी मारता येते. (नुसत्या 'ट्राय डाइव्ह'ला, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरसोबत मारलेल्या बुडीला, मर्यादा 12 मीटरची.) स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, डाइव्ह सेंटरं भरपूर, आणि नवशिक्यांसाठी निमो रीफसारखी शांत, उथळ जागा आहे. तिथं सगळे शिकायलाच आलेले, त्यामुळं एकटा माणूस पहिल्या संध्याकाळनंतर एकटा राहत नाही. कोर्स तीसेक हजारांचा धरा. विमान, बोट, मुक्काम वेगळा.

प्रवास लांब आहे. सांबऱ्याहून विमानानं किंवा रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर, 2024 पासून जिचं नाव श्री विजयपुरम आहे, आणि मग बोटीनं दीड ते अडीच तास. हॅवलॉकसाठी भारतीयांना परवाना लागत नाही. सूर्य तिथं आपल्यापेक्षा खूप लवकर उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो, म्हणून डाइव्हच्या बोटी पहाटेच निघतात. रोख पैसे जवळ ठेवा.

शेवटचा दिवस बुडीविना ठेवायचा आहे, तोच अठरा तासांचा नियम. तो वाया जात नाही. पोर्ट ब्लेअरला येऊन सेल्युलर जेल बघा. सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय परत आलेल्या मराठी माणसाला घरी काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. किनाऱ्यावर सापडलेलं प्रवाळ मात्र बॅगेत टाकू नका. कायद्यानं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

ऋतूही आपल्या वेळापत्रकात बसतो. मालवण-नेत्राणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चांगलं, पण ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांच्यासाठी हे महिने म्हणजे ऊसतोड टोळी कधी येईल याची वाट बघण्याचे. अंदमानचा समुद्र मार्च-एप्रिलमध्येही शांत असतो. तोवर कारखान्याला ऊस गेलेला असतो, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून कर्नाटकातल्या शिक्षकांनाही सुट्टी. नाताळचा आठवडा कुठंही टाळा.

लक्षद्वीपचं नाव निघतंच. पाणी तिथलं या सगळ्यांहून स्वच्छ. पण भारतीयांनाही प्रवेश-परवाना लागतो, जागा मोजक्या, आणि एकट्या नवशिक्याला हा खटाटोप महागात पडतो. शिवाय 2023-24 च्या समुद्री उष्णतेच्या लाटेत तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. कार्ड हातात आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सहलीला बघा.

घरून निघण्याआधी

एकट्यानं प्रवास म्हणजे एकट्यानं बुडी नव्हे. पाण्यात बडी असतोच. तुम्ही एकटे आलात तर सेंटरनं तो द्यायचा. नवशिक्यानं "मला कुणी नको" असं म्हटलं आणि सेंटर "बरं" म्हणालं, तर तिथून निघा.

ओपन वॉटरसाठी 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. वेळेची अट नाही, त्यामुळं खानापूरकडच्या विहिरीत सूर मारत वाढलेल्याला काही अवघड नाही. ज्यांनी लहानपणी तळाचं नाणं काढायला खाली जाऊन कान दुखवून घेतलेत, त्यांना दाब म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. दहा मीटरला तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कान दीड-दोन मीटरलाच बोलायला लागतात. तेव्हा थांबायचं, नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, कान सुटला की पुढं. सुटत नसेल तर थोडं वर या. जोर लावायचा नाही, आणि श्वास कधीच रोखायचा नाही. पोहणं विसरलं असेल तर गोवावेसच्या तलावावर महिनाभर जा.

वैद्यकीय फॉर्ममध्ये दमा, फिट्स, हृदय, कान, सायनस असे प्रश्न असतात. एकालाही 'हो' उत्तर असेल तर डॉक्टरची सही लागते. ती बेळगावातच घ्या. बेटावर डॉक्टर शोधण्यात अख्खा दिवस जातो. सर्दी असताना बुडी नाहीच, मग बुकिंगचे पैसे गेले तरी. साधा प्रवास-विमा स्कूबाचा खर्च बहुधा देत नाही, पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा.

सेंटरला फोन करताना आधी हे विचारा : एका इन्स्ट्रक्टरमागं किती जण? ट्राय डाइव्हला एक, फार तर दोन, याच्या वर असतील तर नको. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? जवळचा दाब-कक्ष, म्हणजे बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करतात तो, कुठं आहे? समुद्र खवळला तर पैसे परत की पुढची तारीख? आणि कोर्सच्या किमतीत कार्डाची फी धरलेली आहे की ती वर द्यायची? या शेवटच्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या, मगच ॲडव्हान्स पाठवा.