फलकावर संपूर्ण, वर्गात अपुरी: सांगलीतील डीबीटी

विश्रामबागेतील एका समुपदेशन केंद्रात माझी धाकटी बहीण बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरसाठी (भावना आणि नातेसंबंध फार अस्थिर करणारा मानसिक विकार) डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी ही मानसोपचार पद्धत, घेते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वतःला इजा करण्याचे प्रकार नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी करणाऱ्या या पद्धतीत दर आठवड्याचे वैयक्तिक सत्र, कौशल्यांचा गटवर्ग आणि अडचणीच्या क्षणी फोनवरून मार्गदर्शन अपेक्षित असते. येथील वैयक्तिक सत्रे उत्तम आहेत. बहिणीने रोज भरलेला भावनांच्या तीव्रतेचा तक्ता समुपदेशक मॅडम आधी वाचतात आणि मगच, राग नेमका कोठे चढला, हे तिच्याकडूनच उलगडून घेतात. गटवर्ग मात्र नाही, सायंकाळनंतर फोनही उचलला जात नाही. तरीही फलकावर ‘संपूर्ण डीबीटी’ लिहावे, हे खटकते. शुल्क (सांगलीच्या मानाने) वाजवी आहे.