रँग्लरच्या गिअरबॉक्सला अॅल्युमिनियमचा पॅन लावला, पैसे वसूल का?

आधीच सांगून टाकतो, जाड पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची ट्रे) लावला म्हणजे आता खालून कितीही दगड लागू देत असं ज्यांना वाटतं त्यांनी हा पॅन घेऊ नये. दगड झेलायचं काम स्किड प्लेटचं, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या जाड संरक्षक पत्र्याचं. पॅनचं काम तेल धरून ठेवायचं. प्लेट वाकली, सरकली किंवा कडेच्या फटीतून एखादा टोकदार दगड आत घुसला तर तेल सांडू नये, एवढ्यासाठी मजबूत पॅन. ह्या क्रमाने विचार केला तर वस्तू चांगली आहे, उलट्या क्रमाने केला तर पैसे पाण्यात.

माझी गाडी जीप रँग्लर, दोन लिटर टर्बो पेट्रोल, आठ गिअरची ऑटोमॅटिक. बॉक्स झेडएफ ह्या जर्मन गिअरबॉक्स कंपनीच्या डिझाइनचा आहे, जीपवाले त्याला ८५०आरई म्हणतात. कंपनीकडून खाली येतो तो पॅन प्लास्टिकचा, आणि फिल्टर त्याच्यातच पक्का बसवलेला, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅनच फेकायचा. शहरात चालवणाऱ्याला ह्यात काहीच वाईट नाही, हलका आहे, गंजत नाही, ह्याच घराण्यातले बॉक्स बीएमडब्ल्यूमध्येपण आहेत आणि ते लोक काय रडत बसलेत असं नाही. पण आपण इंदूरवाले रविवारी पोहे-जिलबी हाणून निघतो ते चोरल नाहीतर जानापावच्या बाजूला, आणि तिथे नदीच्या पात्रातला काळा बेसाल्ट म्हणजे गोल गुळगुळीत दगडांच्या मध्येच एखादा असा उभा असतो की चाक घसरलं की गाडी थेट त्याच्यावर बसते. ग्रुपमधल्या एकाच्या एसयूव्हीचा (गाडी दुसरी, पण पॅन प्लास्टिकचाच) असाच कोपरा गेला होता, चीर बोटाएवढीपण नव्हती. पण ऑटोमॅटिकमध्ये तेल हेच सगळं, इंजिनची ताकद बॉक्सकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर तेलावर, क्लच दाबणारा प्रेशर तेलाचा, पंप तेलाऐवजी हवा खेचायला लागला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. क्रेनने घरी. वर नदीत तेल सांडलं ते वेगळंच पाप.

तर पॅन. कास्ट अॅल्युमिनियमचा, बाहेरून आडव्या पट्ट्या म्हणजे फिन्स, खाली मॅग्नेटवाला ड्रेन प्लग म्हणजे तेल काढायचं बूच, सोबत वेगळा फिल्टर आणि गॅस्केट (सांध्यातून तेल गळू नये म्हणून लावायची पट्टी). अमेरिकेत पीपीई, मॅग-हायटेक वगैरे कंपन्या पिकअप ट्रकवाल्यांसाठी असले पॅन कधीपासून बनवतात, ओढायला जड ट्रेलर असतात ना त्यांच्याकडे. माझा कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण मुद्दा ब्रँडचा नाही, खोलीचा आहे. बरेचसे पॅन डीप असतात, एक-दोन लिटर तेल जास्त मावतं म्हणून जाहिरात करतात. ट्रेलरवाल्याला ठीक आहे भिया, पण आपल्याला ग्राउंड क्लिअरन्स पाहिजे म्हणून आपण एवढे महागडे टायर लावायचे आणि मग गिअरबॉक्सच आणखी खाली लटकवायचा? शिवाय डीप पॅनवर तुमची आधीची स्किड प्लेट परत बसेलच ह्याची खात्री नाही. मी साधारण स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ पॅनइतक्याच खोलीचा घेतला, आणि ऑर्डर टाकायच्या आधी विक्रेत्याकडून मापाचा ड्रॉइंग मागवून प्लेटशी ताडून बघितला. हे एवढं कराच. डीपच घ्यायचा असेल तर फिल्टरचं तोंड पॅनच्या तळापर्यंत पोचतं का तेपण विचारा, नाहीतर जास्तीचं तेल नुसतं खाली पडून राहतं आणि चढावर फिल्टर हवा खेचतो.

फिटिंग देवास नाक्याकडच्या एका उस्तादाकडे केली. माणूस हाडाचा मेकॅनिक, पॅन हातात घेऊन उलटासुलटा केला, गॅस्केट बसते त्या जागेवर अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "भिया, माल ठीक है, पर तसल्ली से करेंगे, सुबह जल्दी लाना।" सकाळी लवकर का, तर ह्या बॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची सळई, नाही. गाडी लिफ्टवर एकदम लेव्हल, इंजिन चालू, सगळे गिअर एकेकदा टाकायचे, आणि तेलाचं तापमान साधारण ३० ते ५० डिग्रीमध्ये असताना बाजूच्या फिलर होलमधून तेल बारीक ओघळायला लागलं की लेव्हल बरोबर. आता मे महिन्यात आपल्याकडे दुपारी हवाच चाळिशीच्या वर, गाडी नुसती चालवत आणली तरी तेल ५० च्या पुढे, आणि गरम तेल फुगतं म्हणून लेव्हल खोटी दिसते आणि प्रत्यक्षात कमी भरलं जातं. स्कॅनर लावून तापमान बघत भरणारा मेकॅनिक असेल तरच त्याच्याकडे जा. "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. एक बरंय, लेव्हल ठरवणारं होल बॉक्सच्या बॉडीवर आहे, पॅनवर नाही, त्यामुळे पॅन बदलला तरी पद्धत तीच राहते.

तेल मात्र झेडएफच्या आठ गिअरवाल्या स्पेकचंच, कुठलंतरी लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) नको. पॅनचे बोल्ट क्रॉस पॅटर्नमध्ये म्हणजे समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने, पाना मारून आवळायचे नाहीत, अॅल्युमिनियम आहे.

आता फरक. हायवेवर शून्य. महूच्या पुढे जाम गेटच्या बाजूला जाऊन आलो, स्क्रीनवर ऑफ-रोड पेजमध्ये गिअरबॉक्सचं तापमान दिसतं, ते आधीसारखंच. त्याचं कारण सोपं आहे, तेल थंड करायचं मुख्य काम कूलरचं, पॅनच्या फिन्स हवा लागली तर थोडा हातभार लावतात. फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) रांगताना तर खाली हवाच नसते, शिवाय सगळं स्किड प्लेटने झाकलेलं. आणि पावसाळ्यात आपली माळव्याची काळी माती त्या फिन्समध्ये अशी लिंपली जाते की वाळल्यावर खरवडून काढावी लागते, तोवर फिन्स असून नसल्यासारख्या. म्हणून "तापमान धाडकन उतरतं" वगैरे वाचून घेऊ नका.

मग पैसे कशाचे? माझ्यामते ड्रेन प्लगचे. झेडएफ स्वतः ८० हजार ते सव्वा लाख किमीच्या आसपास तेल बदला म्हणते, आणि पाण्यात, चिखलात चालणाऱ्या गाडीचं त्याच्या आधीच बदललेलं बरं. आता प्लग उघडला, जुनं तेल निघालं, फिल्टर वेगळा बदलला, संपलं, दर वेळी नवीन पॅन नको. मॅग्नेटवर काय चिकटलंय तेपण दिसतं, करडा लगदा असेल तर नॉर्मल, चमचमणारे तुकडे असतील तर गाडी घरी उभी करा. मजबुतीबद्दल सांगायचं तर प्लास्टिकपेक्षा कितीतरी निश्चिंत वाटतं, पण कास्ट अॅल्युमिनियम जोरात आपटलं तर तडकू शकतं हे डोक्यात ठेवा, पत्र्यासारखं ते चेपत नाही.

खर्च कुरियर, कस्टम ड्यूटी, तेल, मजुरी सगळं धरून पन्नास हजारांच्या घरात गेला. घरच्यांना आकडा सांगितलेला नाही. एवढ्या पैशात आधी चांगली स्किड प्लेट येते, ती नसेल तर ती आधी घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरचा पॅन चालेल का ते लेखी विचारून घ्या, तोंडी "चलेगा सर" ला काही अर्थ नसतो.

पाचातले चार स्टार. एक कापला कारण ड्रेन प्लग जिथे येतो तिथे माझ्या प्लेटला होलच नाही, म्हणजे तेल काढायला दर वेळी प्लेट उतरवायची. पोलोग्राउंडमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्याशी बोललोय, प्लगच्या मापाचं होल पाडून कडेला रिंग वेल्ड करून देतो म्हणतोय, पाऊस सुरू व्हायच्या आत करून घेईन.