कुलूप दिसतंय, पण पान विस्कटलंय: कॅश रिकामी करावी, वेगळी ठेवावी की एचटीटीपीच बंद करावं?

ऐन सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या एका आडत्यांचा सकाळीच फोन आला. "भाऊ, साइटवरचं भावाचं पान पार विस्कटलंय." माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठाकठीक. मी लॉगिन होतो, त्यामुळं मला कॅशमधलं, म्हणजे आधीच बनवून साठवलेलं पान मिळतच नव्हतं. लॉगआउट करून सोर्स पाहिला तेव्हा कळलं: वर पत्ता कुलूपवाल्या, सुरक्षित एचटीटीपीएसचा, आत स्टाइलशीटची (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलची) लिंक मात्र असुरक्षित एचटीटीपीची. ब्राउझर असली स्टाइलशीट अडवतो.

कुणीतरी, बहुधा एखाद्या बॉटनं (आपोआप पानं उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं), जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून पान आधी उघडलं. साइट चालवणाऱ्या वर्डप्रेसनं लिंका तशाच बनवल्या, कॅशनं ते पान जपून ठेवलं आणि मग येईल त्याला तेच वाढलं.

कॅश रिकामी करणं हा फुकटचा, दोन मिनिटांचा इलाज. साठा रिकामा असताना पुन्हा एखादा एचटीटीपीवाला पाहुणा आधी येईपर्यंतच टिकतो. भाव चालू असताना करा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका.

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्हींची कॅश वेगळी ठेवणं कागदावर सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मूळ कॅश-कीमध्ये, म्हणजे साठवलेल्या प्रतीच्या ओळखचिठ्ठीत, स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस) असतेच. पण सर्टिफिकेट (एचटीटीपीएसचा दाखला) पुढच्या प्रॉक्सीवर, म्हणजे मधल्या सर्व्हरवर असेल, तर मागच्या एनजिनएक्सला सगळेच पाहुणे एचटीटीपीचे दिसतात. मग मूळ स्कीम सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर कीमध्ये घालावा लागतो. व्हार्निश या कॅश-सॉफ्टवेअरची मूळ की तर होस्ट आणि पत्ता एवढंच बघते. शिवाय साठा दुप्पट. जुन्या उपकरणांसाठी एचटीटीपी चालू ठेवणं भागच असेल, तरच या वाटेला जा.

लिंकांमधून स्कीमच काढून टाकली, म्हणजे नुसत्या दोन तिरप्या रेघांनी सुरुवात केली, तर एकच प्रत दोघांना चालते. थीम स्वतः लिहिली असेल तर ठीक. जुन्या लेखांत चिकटलेल्या पूर्ण लिंका तशाच राहतात. त्यांच्यातल्या फोटोंना आधार म्हणून कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी हेडरमधली अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स ही सूचना बरी. ब्राउझर एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएसनं मागणी करतो. कुबडी आहे ती, पण मी लावतो.

छोट्या साइटला माझा कौल ३०१ रीडायरेक्टला, म्हणजे एचटीटीपीवर आलेल्याला कायमचं एचटीटीपीएसकडं वळवण्याला. एचटीटीपीवर पानच बनत नसेल, तर चुकीची प्रत साठणार कुठून? मात्र सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून पान देणारी सेवा) तुमच्या सर्व्हरशी एचटीटीपीनंच बोलत असेल, तर हाच रीडायरेक्ट गरगर फिरत बसतो. आधी ते जोडणं एचटीटीपीएसचं करा. एचएसटीएसची, म्हणजे ब्राउझरला 'इथं फक्त एचटीटीपीएसनंच ये' असं बजावणाऱ्या हेडरची घाई नको. मॅक्स-एज (ही सूचना लक्षात ठेवायची मुदत) आधी ३०० सेकंद ठेवा, सगळं सुरळीत दिसलं की ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट नूतनीकरणाविना संपलं आणि एचएसटीएस लागू असेल, तर वाचकाला इशारा ओलांडून आत जाताच येत नाही.

खरी गफलत होते ती क्रमात. आधी सेटिंगमधला पत्ता आणि डेटाबेसमधल्या लिंका. इथं डेटाबेस हाताळायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून सरळ बदलाबदल करू नका: एचटीटीपीचं एचटीटीपीएस होताना एक अक्षर वाढतं, सीरियलाइज्ड नोंदीत मजकुरासोबत लिहिलेली लांबी चुकते आणि विजेट गायब होतात. मी एकदा केलेत. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन अवजाराचं सर्च-रिप्लेस ती लांबी सांभाळतं. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) मारून बघा. मग रीडायरेक्ट. कॅश सगळ्यात शेवटी, तीही आतून बाहेर: प्लगिन, सर्व्हर, मग सीडीएन. पाणी साठवण्यात आयुष्य गेलेल्या लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. हौद न धुता गच्चीवरची टाकी घासली, तर मोटार लावताच टाकीत पुन्हा तेच गढूळ पाणी.

आडत्यांकडं हाच क्रम लावला. सौदा सुरू व्हायच्या आत त्यांच्या मोबाइलवर तक्ता दिसायला लागला. त्यात भाव मात्र कालचेच होते. ते भरायचं काम त्यांच्या मुनीमजींकडं.