प्रोस्टेटचा एमआरआय: कमी टेस्लाचं ओपन मशीन की 1.5 आणि 3 टेस्लाचं?

वडिलांचा पीएसए (प्रोस्टेटच्या त्रासात वाढणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेला आला आणि युरोलॉजिस्टनी बायोप्सीआधी एमआरआय सांगितला. जवळच्या सेंटरवर 0.3 टेस्लाच्या आसपासचं ओपन, म्हणजे बोगद्याऐवजी बाजूंनी उघडं मशीन आहे, 1.5 किंवा 3 टेस्लासाठी मोठ्या शहरात जावं लागेल. या पेचात असाल तर आधीच सांगतो, कॅन्सर आहे की नाही हे पहिल्यांदा शोधायचं असेल तर प्रवास करा.

टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद. ती कमी झाली की शरीरातून येणारा सिग्नलही क्षीण होतो. गुडघ्यासारख्या सांध्यात एक वेळ निभावतं, पण प्रोस्टेट अक्रोडाएवढी आणि ओटीपोटात खोल असते. शिवाय तिथे नुसता आकार पाहून भागत नाही. खरा कस लागतो डिफ्यूजनच्या, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या चित्रांत. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात, त्यामुळे तिथल्या पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही, आणि डिफ्यूजनमध्ये नेमकं हेच दिसतं. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, जिथे बहुतेक कॅन्सर होतात, कॅन्सरच्या शंकेचे गुण मुख्यतः या चित्रांवरच दिले जातात. त्यासाठी 1400 किंवा त्याहून जास्त बी-व्हॅल्यू (चित्र या हालचालीला किती संवेदनशील असेल हे ठरवणारी सेटिंग) लागते आणि एवढ्या बी-व्हॅल्यूला मुळातच सिग्नल थोडा उरतो. जुन्या कमी टेस्लाच्या मशीनवर तो जवळपास संपतो. म्हणूनच प्रोस्टेटचा एमआरआय कसा काढावा आणि त्याला गुण कसे द्यावेत हे सांगणाऱ्या 2019 च्या पाय-रॅड्स 2.1 नियमावलीत 3 टेस्लाला पसंती आहे, 1.5 चालतं, त्याखालच्या मशीनची शिफारस पुरेसा पुरावा असल्याशिवाय केलेली नाही.

3 टेस्लाचाच हट्ट मात्र नको. ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात (2017) 576 पुरुषांची तपासणी 1.5 टेस्लावरच झाली होती. उपचार करावा लागेल असा कॅन्सर हेरण्यात एमआरआयची संवेदनशीलता, म्हणजे असा कॅन्सर खरोखर असलेल्यांपैकी किती जण पकडले गेले ते प्रमाण, 93 टक्के निघाली, तर गुदद्वारातून सोनोग्राफी करून घेतलेल्या नेहमीच्या बायोप्सीची 48 टक्के. प्रोस्टेटचे रिपोर्ट रोज वाचणारा रेडिओलॉजिस्ट आणि 1.5 चं नीट ठेवलेलं मशीन मिळत असेल, तर निव्वळ आकड्यासाठी त्यापुढे धावण्याची गरज मला वाटत नाही.

मग कमी टेस्लाचा उपयोग कुठे? खुब्याचा सांधा धातूचा बसवलेला असेल तर जास्त टेस्लावर, विशेषतः डिफ्यूजनमध्ये, चित्र वेडंवाकडं होतं. कमी टेस्लावर हा त्रास घटतो. बोगद्यात जीव घुसमटणाऱ्यांना ओपन मशीन सोसवतं. 0.55 टेस्लाची नवी मशीन्स जुन्या ओपन मशीनहून पुष्कळ सरस आहेत, त्यामुळे या दोन्ही अडचणींत तिथे काय जमेल हे डॉक्टरांना जरूर विचारा. पेसमेकर असेल तर मात्र कमी टेस्ला म्हणजे सुरक्षित असं परस्पर धरू नका. कोणत्या टेस्लाला परवानगी आहे हे त्या उपकरणाच्या कागदांवर लिहिलेलं असतं.

अमेरिकेत प्रोमॅक्सो कंपनीच्या मशीनला 2021 मध्ये एफडीएची (तिथल्या औषधं-उपकरणांच्या सरकारी नियामकाची) मान्यता मिळाली. त्याची ताकद 0.1 टेस्लाहूनही कमी, चुंबक एकाच बाजूला, आणि ते युरोलॉजिस्टच्या दवाखान्यात मावतं. बातम्यांमुळे ते मोठ्या एमआरआयला पर्याय वाटतं, पण त्याचा भर बायोप्सीवर आहे. आधी काढलेलं जास्त टेस्लाचं चित्र त्याच्या चित्रावर बसवून सुई संशयित जागी नेतात. म्हणजे त्या वापरातही पहिला शोध मोठ्या मशीनचाच!

खर्चाचं म्हणाल तर कमी टेस्लाचा स्कॅन सहसा स्वस्त पडतो. पण चित्र धूसर आलं तर तोच स्कॅन मोठ्या मशीनवर पुन्हा करावा लागतो.

अपॉइंटमेंट घेताना मशीन किती टेस्लाचं आहे, डिफ्यूजन कोणत्या बी-व्हॅल्यूपर्यंत करतात आणि रिपोर्टात पाय-रॅड्सचा गुण देतात का, हे विचारून घ्या. बायोप्सी आधीच झाली असेल तर ती तारीखही सांगा. आत साकळलेलं रक्त चित्रात फसवतं, म्हणून सहसा किमान सहा आठवडे थांबतात. आणि ओपन मशीनवरचा 'नॉर्मल' रिपोर्ट हातात असूनही पीएसए चढताच असेल, तर त्या रिपोर्टावर विसंबू नका. युरोलॉजिस्टना दाखवा आणि 1.5 वर पुन्हा करायचा का, हे स्पष्ट विचारा.