एसएमपीएस घेताना: ग्रुप रेग्युलेशन की डीसी-डीसी?

ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हणून नवा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बघताय, आणि समोर दोन आहेत. वॉट तेवढेच, किमतीत मात्र चांगलाच फरक. माझं मत आधीच सांगते: वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर डीसी-डीसी रचनेचाच घ्या.

स्वस्तातल्यात बहुधा जुनी ग्रुप रेग्युलेशनची रचना असते. १२ आणि ५ व्होल्टची वेटोळी एकाच कॉइलवर, आणि फीडबॅकही, म्हणजे व्होल्टेज किती आहे हे कंट्रोलरला कळवणारा संकेत, दोघांना मिळून एकच. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात, ५ व्होल्टवर फारसं काही उरलेलं नाही. गेम सुरू झाला की १२ व्होल्ट खाली बसतो. कंट्रोलर तो सावरायला जातो, तर ५ व्होल्ट नको तितका वर चढतो. मग मधलाच कुठला तरी बिंदू धरला जातो आणि दोन्ही थोडे थोडे चुकलेले राहतात.

डीसी-डीसी रचनेत ट्रान्सफॉर्मरकडून फक्त १२ व्होल्ट घेतात. ५ आणि ३.३ त्यातूनच छोट्या कन्व्हर्टरवर बनतात, प्रत्येकाचं नियंत्रण वेगळं. त्यामुळे एकाच्या लोडची झळ दुसऱ्याला फारशी लागत नाही.

ओळखायचं कसं? लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर बघा, १२ ने गुणा. उत्तर एकूण वॉटच्या अगदी जवळ आलं तर बहुतेक डीसी-डीसी. ८० प्लसचा शिक्का बघून ठरवू नका. तो कार्यक्षमतेचा आहे, व्होल्टेज किती स्थिर राहतो याचा नाही.

पीसीच्या पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स मानकात ३.० आवृत्तीच्या आधी १२ व्होल्टला ५ टक्के सूट होती, म्हणजे ११.४ ते १२.६; नव्यात खालच्या बाजूला ती थोडी जास्त आहे. लोडखाली ११.८ दिसला तर तो बिघाड नव्हे. मोजायचं मात्र मल्टिमीटरने, मदरबोर्डच्या सेन्सरवर विसंबू नका.

आणि केबल! महागडा एसएमपीएस आणून लोक इथेच चुकतात. ग्राफिक्स कार्डचे ३०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर. दोन कनेक्टर असलेल्या एकाच केबलमधून ते ओढले, तर साधारण ६० सेंटीमीटरच्या नेहमीच्या १८ गेजच्या तारांत जाता-येता मिळून सुमारे ०.२ व्होल्ट तारेतच जातो, वर तारा तापतात त्या वेगळ्याच. दोन स्वतंत्र केबल लावल्या की ही घट निम्मी होते, म्हणून खोक्यात अशा दोन केबल आहेत का ते पैसे देण्याआधी विचारा.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या पीसीला मात्र एखादा बरा ग्रुप रेग्युलेटेड पुरतो.