एमजीबी की माझदा एमएक्स-५? इंजिनाआधी सिल बघा

दोन्ही गाड्या उघड्या टपाच्या, दोन सीटच्या, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. ब्रिटिश एमजीबी १९६२ ते १९८० दरम्यान बनली, पहिली एमएक्स-५ १९८९ मध्ये आली. चालवायला एमएक्स-५ उजवी, यात वाद नको: चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या दांड्यांवर, स्वतंत्र हलणारं), तर एमजीबीला मागे पाटे आणि सुरुवातीपासून तेच लिव्हरवाले शॉकॅब्सर. पण जुनी गाडी घेताना दोघींचाही जीव अडकलेला असतो तो सिलमध्ये, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या लांब पोकळ पेटीत.

एमजीबीला वेगळी चासी नाही. छत नसल्याने भार सिलवर येतो, आणि ते सिल अनेक थरांचं: आतला पत्रा, मधला पडदा, बाहेरचा पत्रा. आतलं सडलेलं तसंच ठेवून बाहेरून नवा पत्रा, पुट्टी आणि रंग, हा जुनाच उद्योग. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. मग जॅकने गाडी उचला. दाराची फट वरच्या बाजूला आवळली किंवा दार अडकलं, तर सौदा सोडा. सिल बदलताना बॉडीला खालून आधार देऊन, दारं जागेवर ठेवूनच जुना पत्रा कापायचा. नाहीतर गाडी मधोमध झुकते आणि दार पुन्हा नीट बसत नाही.

एमएक्स-५ चा गंज वरून उतरतो. टपावरचं पाणी सीटबेल्टच्या खांबांमागच्या नळ्यांतून खाली जातं. तिथे पाला-धूळ तुंबली की पाणी सिलमध्ये मुरतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून खातं. दोन्ही बाजूंना कपभर पाणी ओता, चाकापुढे धार पडायला हवी. तुंबलेली नळी टोकदार तारेने खुपसू नका, फाटते.

इंजिनात दोन्ही दणकट. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात १९६४ च्या अखेरीस क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) पेलणारे मेन बेअरिंग तीनाऐवजी पाच आले. रोज पळवायची असेल तर पाचवालंच घ्या. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचा संथ वेग) डळमळलं की लोक लगेच एसयू कार्बोरेटरचे (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जेट, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी नळी, फिरवतात. आधी डॅशपॉटमधलं (कार्बोरेटरच्या डोक्यावरची तेलाची नळी) तेल बघा, मग थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे हवेची झडप फिरवणारा दांडा, हलवून बघा. तिथून हवा ओढली जात असेल तर ट्यूनिंग टिकणारच नाही. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, रेडिओ जोडण्याआधी वायर तपासा.

एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनात क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, आखूड आहे. पुलीचा बोल्ट नीट आवळलेला नसेल तर की (पुलीला क्रँकवर जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) आणि तिची खाच झिजते, इंजिनाचं टायमिंग मागे सरकतं, गाडीचा दम जातो. पुलीच्या तोंडावर चार खाचा म्हणजे आखूड नाक, आठ म्हणजे लांब. इंजिन चालू ठेवून बघा. पुली डुगडुगत असेल तर क्रँकचं काम निघणार हे धरूनच भाव करा. थंड इंजिनची टॅपेटची (झडपा उघडणारे भाग) टकटक मात्र बहुतेकदा ऑइल बदलल्यावर कमी होते, तिला घाबरू नका.