गिरगावातल्या दादाचं ऑनलाइन डीव्हीडी दुकान, माझा अनुभव

काळा घोड्याचं रिदम हाऊस हे सीडी-डीव्हीडीचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हापासून ओरिजिनल डिस्क कुठे घ्यायची हा आमच्या घरी कायमचा प्रश्न, कारण बाबांना मोबाईलवर सिनेमा बघणं जमतच नाही, त्यांना प्लेयर लागतो. मोठ्या साइटवरून मागवून बघितलं तर डबीतले (केसमधले) डिस्क धरून ठेवणारे दात तुटलेले आणि डिस्क आत खडखडत आलेली. मग मैत्रिणीने गिरगावातल्या एका दादाचा नंबर दिला. नोकरी सांभाळून हा घरूनच जुन्या डीव्हीडी, व्हीसीडी विकतो, वेबसाइट वगैरे काही नाही, व्हॉट्सअॅपवर कॅटलॉग आणि यूपीआयने पैसे.

मला सगळ्यात आवडलं ते याचे फोटो. प्रत्येक डिस्कची खालची बाजू तर दाखवतोच, पण व्हीसीडी असेल तर ती ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटोही पाठवतो. व्हीसीडीचा चमकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून ओरखडा गेला की तिथलं पिक्चर गेलंच, आणि उजेडात धरलं की त्याने पडलेली बारीक भोकं लगेच दिसतात. डीव्हीडीचा थर दोन प्लास्टिकच्या मधे असतो म्हणून ती जास्त टिकते. हे सगळं मला त्यानेच नीट समजावून सांगितलं, तेही मी अजून काही घेतलेलं नसताना.

डुप्लिकेट माल अजिबात नाही. खालून जांभळट दिसणारी डिस्क म्हणजे घरी राइट केलेली, तसली तो ठेवतच नाही. कव्हरच्या मागचाही फोटो असतो, सेन्सॉर सर्टिफिकेट आणि हक्क कोणाचे त्याचं नाव पत्ता दिसेल असा, कॉपीराइट कायद्यात कलम ५२अ प्रमाणे ते छापावंच लागतं.

मी एक अमेरिकन डीव्हीडी मागितली तर म्हणाला, "ताई, आधी प्लेयर कुठला आहे ते सांगा, ही रीजन १ ची आहे, आपल्याकडे रीजन ५ चालतं, तुमच्या प्लेयरवर बहुतेक चालणार नाही." रीजन म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल त्याचा कोड. आणि खरंच विकली नाही हो मला! ब्लू-रेचंही तसंच, अमेरिकेची रीजन ए, आपली सी, तो लिस्टमधेच लिहून ठेवतो. ज्यांना असा धंदा सुरू करायचाय त्यांनी याच्याकडून हेच शिकावं, गिऱ्हाईक परत येतं ते यामुळेच.

पॅकिंग मस्त, आधी बबल रॅप, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आणि डिस्क पेपरच्या पाकिटात वेगळी घालतो म्हणजे केस फुटली तरी डिस्कला काही होत नाही. स्पीड पोस्टने डोंबिवलीला व्यवस्थित आलं.

खटकलं ते एवढंच की पोस्टेज वेगळं लावतो, त्यामुळे एकच स्वस्तातली व्हीसीडी घेतली तर परवडत नाही, चार-पाच एकदम घ्या. दिवसा रिप्लाय येत नाही, रात्री नऊनंतरच बोलतो. आणि मराठी नाटकांच्या व्हीसीडी फार कमी असतात, आल्या की स्टेटसला टाकतो आणि लगेच जातात, तेव्हा हव्या असतील तर नाटकाचं नाव आधीच सांगून ठेवा, तो बाजूला काढून ठेवतो.